'रस्त्याची समस्या': अक्राणीतल्या एका पाड्याचं प्रकरण

पाड्याचं नाव देत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, धडगावच्या वरच्या अंगाला, एका धारेवर साठेक घरं आहेत. घरातून घराला हाक पोचते, गावठाणाला पोचत नाही. खालून वर यायला दोन तासांचा चढ, मध्ये एक नाला. महसुली दप्तरात गाव एकच, पाडे सहा, आणि ग्रामपंचायत, उपकेंद्र, रेशनचं दुकान, चौथीच्या पुढची शाळा सगळं खालच्या गावठाणात.

मी शहाद्याकडची, घरात अहिराणी बोलणारी. काही वर्षं आरोग्यसेवांच्या लोकाधारित देखरेखीचं काम केलं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली हे काम महाराष्ट्रात २००७ साली पाच जिल्ह्यांत सुरू झालं, त्यात नंदुरबार होता. गावात बसायचं, उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लोकांकडूनच हिरवा, पिवळा, लाल असा शेरा घ्यायचा, आणि जनसुनवाईत लोक आणि अधिकारी समोरासमोर आणायचे. या पाड्याचं प्रकरण तिथेच माझ्यापुढे आलं. माणसं ओळखू येतील अशा खुणा खाली गाळल्या आहेत. माझी चूक मात्र गाळलेली नाही.

ऑगस्टमधली गोष्ट. दुसरं बाळंतपण, दिवस भरायला अजून अवकाश होता, आणि पहाटे कळा सुरू झाल्या. पाड्यावर फोनला रेंज एका खडकावर उभं राहिलं तरच मिळते. एक पोरगा तिथून १०८ ला लागला. गाडी गावठाणापर्यंत येईल, असं उत्तर मिळालं. मग झोळी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: एक जाड बांबू, त्याला दोन टोकांनी गाठ मारलेली गोधडी, आत बाई कुशीवर. पुढे दोघे, मागे दोघे, आणि खांदा बदलायला चौघे सोबत चालणारे. उतारावर पुढच्यांच्या खांद्यावर सगळा भार येतो, म्हणून उंच माणसं पुढे लावतात. जाऊ बाजूने प्लॅस्टिकचा कागद धरून चालत होती. नाला भरलेला होता. पाणी उतरायची वाट बघत सगळे अलीकडेच थांबले आणि तिथेच, कागदाखाली, बाळ झालं. बाळंतीण वाचली. बाळ तिसऱ्या दिवशी गेलं.

उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये नोंद दोन शब्दांची: 'घरी प्रसूती'. मृत्यूचं कारण, कमी वजन. दोन्ही तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतीलही. नाला कोणत्याच रकान्यात बसत नाही.

बाळंतपणातल्या मृत्यूंचा विचार करताना आरोग्य खात्यात तीन उशीर मोजायची पद्धत आहे: दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. या प्रकरणात पहिला उशीर नव्हताच. पहाटे कळा आणि तासाभरात झोळी निघाली. तिसऱ्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. राहिला दुसरा, आणि तालुक्यात ज्याला विचारावं तो दुसऱ्यावरच बोट ठेवत होता. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने तर एका वाक्यात प्रकरण मिटवलं होतं, "तठे रस्ताच नही शे, ताई." मलाही ते पटलं होतं.

जनसुनवाई धडगावला झाली. मांडव, खुर्च्या, सतरंज्या. खुर्च्यांवर कोण आणि सतरंजीवर कोण हे सांगायला नको. जाऊ बोलायला उभी राहिली. ती पावरीत, म्हणजे इथल्या पावरा आदिवासींच्या बोलीत, बोलली, दहा मिनिटं तरी. हातवारे करत, मध्येच बोटांवर काही मोजत, एकदा तर चक्क हसली. आम्हा सपाटीवरच्यांना पावरी कळत नाही. दुभाष्याचं काम एका शिक्षकाने केलं, भला माणूस, पण मागे अजून पाच गावं बोलायची होती. त्याने तर्जुमा केला: "यांच्या पाड्यावर रस्त्याची समस्या आहे. त्यामुळे बाळ दगावलं." मी इतिवृत्तात लिहिलं, 'रस्त्याची समस्या'. अधिकाऱ्यांनी मान डोलावली, बांधकाम विभागाला पत्र द्यायचं ठरलं, पुढचं गाव.

दहा मिनिटांची दोन वाक्यं कशी होतात, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. पडला सहा महिन्यांनी, पाड्यावरच्या एका कॉलेजात जाणाऱ्या पोराबरोबर बसले तेव्हा. तोही त्या दिवशी मांडवात होता. त्याला मी विचारलं, काकी नेमकं काय म्हणाली होती? त्याने सांगितलं त्यात रस्ता जवळजवळ नव्हताच. ती म्हणाली होती की नाला वर्षातून मोजके दिवसच अडवतो आणि ते दिवस कोणते हे पाड्याला ढगांवरून कळतं (बोटांवर तेच मोजत होती). आधी चार दिवस खाली जाऊन राहायची सोय आहे हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही गेलो असतो. गोळ्यांची पिशवी असलेली बाई पाड्यावर राहणारी हवी, खालून महिन्यातून एकदा येणारी नको. आणि आशाताई पाड्यावर आली की आधी बसून पाय चेपते, इथे ती हसली होती.

म्हणजे तिने मागितलं होतं एक माणूस आणि एक निरोप. आम्ही लिहिला रस्ता.

रस्ता वाईट मागणी आहे असं नाही. पण रस्ता ही मागणी ऐकायला सोपी आहे. तिला अंदाजपत्रक असतं, टेंडर असतं, नारळ फुटतो, फलक लागतो. पाड्यावरची आशा पाड्यावरचीच असावी, या मागणीला फलक नाही. ती मागणी पुढे जायची तर जिथे आशाची निवड होते त्या खोलीत पाड्याचं कुणीतरी असावं लागतं.

ती खोली म्हणजे ग्रामसभा. आशाची निवड ग्रामसभेने करायची असते. उमेदवार बाई त्याच गावची, आठवी शिकलेली, असा दंडक. पण तशी कुणी मिळतच नसेल तर शिक्षणाची अट शिथिल करता येते, हेही त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. या पाड्यावर तेव्हा आठवी झालेली एकही बाई नव्हती. शिथिल करा असं म्हणणारं कुणी ग्रामसभेत नव्हतं. गावठाणातली आठवी पास सून आशा झाली. तिची काही चूक नाही. दोन तास चढून यायचं, ते कामावर आधारित तुटपुंज्या मोबदल्यावर. मीही पाय चेपले असते.

पाड्याचं कुणी का नव्हतं, हे पाहायला मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकाने कुरकुर न करता कपाट उघडलं. ग्रामसभेचं हजेरी रजिस्टर, निळ्या पुठ्ठ्याचं, कडा वाळवीने खाल्लेल्या. आशा-निवडीची ग्रामसभा सव्वीस जानेवारीची. पाड्यावरच्या पुष्कळ माणसांचे अंगठे त्यात होते. मी त्या पानाचा फोटो काढला, वर नेला, आणि झोळीला पुढचा खांदा दिलेल्या उंच माणसाला त्याच्या नावापुढचा अंगठा दाखवला. तो बघत राहिला. मग म्हणाला, "हा माझा? मी तर तेव्हा बारडोलीकडे उसात होतो." शेजारच्याने स्वतःचं नाव शोधायला सांगितलं. तेही होतं, त्याचाही अंगठा होता, तोही उसात होता. दोघे इतके हसले की घरातल्या बायका बाहेर आल्या.

कुणी कट केला असं मला म्हणायचं नाही. कोरम भरायचा असतो, कागद वर जायचा असतो. पण कॅलेंडर समोर ठेवून पाहा. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा चार: सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाडीत बसून या डोंगरातली निम्मी घरं दक्षिण गुजरातच्या उसात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं पालावर. जानेवारीत पाड्यावर म्हातारे आणि कोंबड्या. पंधरा ऑगस्टला नाला. दोन ऑक्टोबरला पीक उभं. एक मे त्यातल्या त्यात बरी, पण तोवर वर्षाचा आराखडा ठरून गेलेला असतो, कारण विकास आराखड्याची मोहीमच दोन ऑक्टोबर ते एकतीस जानेवारीत चालते. कायद्याने महिलांची ग्रामसभा आदल्या दिवशी वेगळी भरायची असते. तिची पानं त्याच रजिस्टरमध्ये, तशीच अंगठ्यांनी भरलेली.

आता जरा वरून पाहू, कारण याच जिल्ह्याचं वरचं चित्र नेमकं उलटं आहे. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली जवळपास ७० टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. लोकसभेची जागा राखीव. विधानसभेच्या चारही, म्हणजे अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर, राखीव. माणिकराव गावित इथून सलग नऊ वेळा खासदार झाले. २०१४ साली निवडून आलेल्या हिना गावित पेशाने डॉक्टर. राज्याचं आदिवासी विकास खातं २०१९ ते २०२२ के. सी. पाडवींकडे आणि २०२२ ते २०२४ विजयकुमार गावितांकडे, दोघेही याच जिल्ह्यातले. मोजणीसुद्धा इथूनच सुरू होते: अक्कलकुवा हा राज्याचा पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ, आणि देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. प्रतिनिधित्व कमी आहे असं कुणी म्हणणार नाही.

आणि तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, जिल्ह्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी निघालं. राज्याचा आकडा ३६ टक्के होता. २०१८ साली नीती आयोगाने 'आकांक्षित', म्हणजे विकासात मागे राहिलेले, जिल्हे निवडले, त्यातही नंदुरबार आहे.

यावरून 'राखीव जागांचा काय उपयोग' असं म्हणणारे नंदुरबारच्या बसस्टँडवर पावलोपावली भेटतात. मला ते मान्य नाही. रोहिणी पांडे यांचा राज्य विधानसभांवरचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. अनुसूचित जमातींच्या राखीव जागा वाढल्या तिथे आदिवासी कल्याणावरच्या खर्चाचा वाटा वाढलेला दिसला. ब्राझीलचं उदाहरण तर आणखी थेट आहे. तिथे कागदी मतपत्रिकेवर नाव किंवा क्रमांक लिहावा लागे, त्यामुळे निरक्षर गरिबांची मतं मोठ्या प्रमाणात बाद होत. नव्वदच्या दशकात उमेदवाराचा फोटो दाखवणारं मतदान यंत्र आलं आणि ती मतं मोजली जाऊ लागली. थॉमस फुजिवारा यांनी २०१५ साली दाखवलं की त्यानंतर सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च वाढला आणि कमी शिकलेल्या आयांची कमी वजनाची बाळं घटली. यंत्राने कुणाला गोळी दिली नव्हती. मत मोजलं गेलं, एवढंच झालं.

तेव्हा वरच्या जागांनी काही ना काही येतंच. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, २०२० पासून तिथे पोरं शिकताहेत. सरदार सरोवराच्या फुगवट्यात रस्ते बुडालेल्या नर्मदाकाठच्या गावांसाठी बोटीवरचा तरंगता दवाखाना आला. तो मात्र नुसत्या आमदारकीतून आला नाही, त्यामागे बुडितातल्या लोकांची वर्षानुवर्षांची भांडणं आहेत. पण मुंबईत मंजूर झालेली गोष्ट डोंगर चढताना प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी वाटून घेतं. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, सपाटीला ५,००० मागे एक. सवलतच आहे ही, मुंबई-दिल्लीत आदिवासींची बाजू मांडली गेली म्हणून मिळालेली. पण उपकेंद्र सहापैकी कोणत्या पाड्यावर बांधायचं, हे तीन हजाराचा आकडा सांगत नाही. ते सरपंच सांगतो, आणि सरपंच ज्या गावठाणातून निवडून येतो तिथे ते बांधलं जातं. सरपंचपद इथे आदिवासींसाठीच राखीव आहे, सरपंच आदिवासीच होता. धारेवरच्या पाड्याचा नव्हता. 'आदिवासी' हा एक शब्द आपण सपाटीवरून वापरतो. डोंगरात गेल्यावर त्याचे पाडे होतात, कुळं होतात, वरचे आणि खालचे होतात.

केंद्र सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आदिवासी आरोग्य तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ साली आला. आरोग्याची धोरणं आणि आराखडे बनताना आदिवासींचा सहभाग जवळजवळ नसतोच, ही तक्रार त्यात आहे. दिल्लीतल्या समितीला दिसलेली ती उणीव गावाच्या निळ्या रजिस्टरमध्ये अंगठ्यांनी झाकलेली होती.

पुढे काय झालं ते सांगते. फार मोठं काही नाही.

पहिली गोष्ट तारखेची. होळीला उसातली सगळी माणसं परत येतात. काठीची राजवाडी होळी, त्याआधीचा भोंगऱ्या बाजार, ढोल, कमरेला घुंगरं. मुकादमाने कितीही उचल दिलेली असो, होळीला डोंगरातला माणूस डोंगरात असतो. कॉलेजच्या पोरांनी पाड्याच्या प्रमुखाला, कारभाऱ्याला, गाठलं आणि होळीनंतरच्या आठवड्यात पाड्यावरच विशेष ग्रामसभा मागितली. सरपंच आधी टाळाटाळ करत होता, मग आला, आणि बायका इतक्या जमल्या की त्याने स्वतःच रजिस्टर मागवून घेतलं. चर्चा पावरीत झाली. इतिवृत्त पोरांनी मराठीत लिहिलं, वाचून दाखवलं, तीन ठिकाणी बायकांनी दुरुस्त करायला लावलं. मी मागे बसून होते. मला अर्धंच कळत होतं, आणि ते ठीक होतं.

ठराव तीन झाले. पाड्यासाठी वेगळी आशा, शिक्षणाची अट शिथिल करून. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेतून मिळणाऱ्या पाच टक्के अबंध, म्हणजे गावाने ठरवून खर्चायच्या, निधीतला आरोग्याचा वाटा कुठे खर्च होतो त्याचा हिशेब. त्यातून नाल्यावर पाणी चढलं की धरायला लोखंडी दोर आणि पाड्यावर ठेवायला एक स्ट्रेचर. तिसरा ठराव पाड्याला वेगळं गाव म्हणून मान्यता मिळावी, हा.

आशाचा ठराव तालुका आरोग्य कार्यालयात चार महिने पडून राहिला. आठवी नाही म्हणजे रिपोर्ट कसे भरणार, असा सवाल आला. प्रश्न खोटा नव्हता. निवडलेली बाई पाचवीपर्यंत शिकलेली, तीच प्लॅस्टिकचा कागद धरणारी जाऊ. शेवटी रिपोर्ट भरायला तिचा पुतण्या मदत करेल असं लेखी दिल्यावर नेमणूक झाली. पुढच्या पावसाळ्यात तिने दोन गरोदर बायांना ढग बघून आठ दिवस आधी खाली प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात पाठवलं. माहेरघर म्हणजे दूरच्या पाड्यांवरच्या बायांनी बाळंतपणाआधी येऊन राहायची खोली. योजना जुनीच, पाड्याला कळली या वर्षी. एक बाई राहिली, नीट बाळंत झाली. दुसरी दोन दिवसांत परत चढून आली, कारण खोलीला कुलूप होतं आणि चावी असलेली बाई रजेवर. तिचं बाळंतपण पाड्यावरच दाईने केलं. दोघी बऱ्या आहेत. चावीचा प्रश्न जाऊने पुढच्या जनसुनवाईत काढला. या वेळी दुभाषी पुतण्या होता, आणि तो दहा मिनिटांची दहा मिनिटंच करत होता. खुर्च्यांवरचे लोक चुळबुळत होते. चावी आता दोघींकडे असते.

दोर आला. स्ट्रेचर आलं, पण ते दुमडत नाही, धारेवरच्या वळणावर अडतं. त्यामुळे झोळीच चालू आहे, आणि स्ट्रेचरवर एका घरात मक्याची कणसं वाळत घातलेली मी स्वतः पाहिली.

तिसरा ठराव अजून चालू आहे. १९९६ च्या पेसा कायद्यातली गावाची व्याख्या महसुली गावाशी बांधलेली नाही. आपला कारभार आपल्या रीतीने चालवणारी वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव, असं तो म्हणतो. आणि २०१४ च्या महाराष्ट्राच्या नियमांनुसार पाड्यातल्या मतदारांना तसा ठराव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे देता येतो. मान्यता मिळाली तर पाड्याची स्वतःची ग्रामसभा होईल, होळीनंतर हवी तेव्हा भरेल, अबंध निधीतला वाटा स्वतःच्या कोषात येईल. पाड्याने अर्ज दिला. काही महिन्यांनी कार्यालयातून एका ओळीचं उत्तर आलं: 'पाड्याचा महसुली नकाशा जोडून फेरसादर करावे.'

महसुली नकाशात पाडा नाही. त्या जागी जंगलाची हिरवी रेघ आहे. वनहक्काच्या दाव्यांच्या वेळी पोरांनी जीपीएसने शेतं मोजली होती, ते मशीन एका संस्थेकडून पुन्हा आणलं. तीन दिवस घरोघर फिरून त्यांनी पाड्याचा नकाशा काढला: साठ घरं, दोन विहिरी, देवाची जागा, नाला, रेंज मिळते तो खडक. पाऊस लागायच्या आत अर्ज पुन्हा गेला. शिक्का मारलेली पोच कारभाऱ्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत, रेशन कार्डाखाली ठेवली आहे.